सर्पदंश, ऐकीव अनुभव आणि आपला निर्णय

आपल्याकडे माणूस आजारी पडला की डॉक्टरांच्या आधी अनुभवी माणसे येतात. ‘आमच्याकडे असेच झाले होते’ हे वाक्य ज्या घरात ऐकू आले नाही असे घर आळ्यात सापडणे कठीण. दुसऱ्या रोग्याच्या अनुभवावरून आपला उपचार ठरवावा काय, हा प्रश्न तर्कशास्त्राच्या तासाला ‘अपुऱ्या उदाहरणांवरून काढलेले अनुमान’ हा दोष शिकताना माझ्या मनात पुन्हा उभा राहिला. पुन्हा म्हणण्याचे कारण, आमच्या घरात तो एका रात्री फार घाईने सोडवावा लागला होता.

पावसाळ्याचे दिवस होते. काका वस्तीवर, कांद्याच्या चाळीशेजारी जमिनीवरच गोधडी टाकून झोपले होते. पहाटे तीनच्या सुमारास बोटाला काही टोचल्यासारखे वाटून ते जागे झाले. बॅटरीच्या उजेडात काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला साप भिंतीकडे सरकताना दिसला. बोटाला ना सूज, ना धड व्रण. हाकाटी झाली, माणसे जमली. शेजारचे आजोबा म्हणाले, “मला अस्साच चावला होता. मांत्रिकाकडे नेलं, त्यानं पाणी मंतरून दिलं, सकाळी पायानं घरी आलो. दवाखान्यात कशाला पैसे घालता?”

आजोबा खोटे बोलणारे नव्हते. मांत्रिकाची वाडी जवळ होती आणि नारायणगाव त्या मानाने लांब. गाडी वाडीकडे वळवायचे जवळजवळ ठरलेच होते.

तेवढ्यात आमच्या आळीतल्या एक काकू बायकांमधून पुढे आल्या. पुरुषांच्या घोळक्यात न बोलता त्यांनी काकीलाच धरले. “बाई, आमच्या ह्यांनाही तिथंच नेलं होतं. आधी पोटात दुखायला लागलं, मग पापण्या वर होईनात. भाऊजींचे डोळे बघा.” आम्ही कंदील जवळ नेला. काकांच्या पापण्या खरेच जड झाल्या होत्या. मग कोणी वाद घातला नाही. शेजाऱ्यांच्या पिकअपमधून त्यांना नारायणगावच्या दवाखान्यात नेले. सर्पविषावरील लस दिली, तरी श्वास मंदावल्यामुळे दोन दिवस यंत्रावर ठेवावे लागले. काका वाचले.

आता विचार केला म्हणजे दिसते की त्या रात्री दोन रोग्यांचे अनुभव आमच्यापुढे होते आणि दोन्ही खरे होते. आजोबांना साप चावला हे खरे, ते बरे झाले हेही खरे. चूक होती ती ‘मंत्राने’ या एका शब्दात. आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. कवड्या हा बिनविषारी साप अंधारात मण्यारीसारखाच दिसतो. त्याचे पट्टे मानेपाशी ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे नेमके उलट. शिवाय विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. म्हणजे जी माणसे मुळात मरणारच नव्हती त्यांचे श्रेय मांत्रिकाच्या खात्यावर जमा होत राहते. ज्या गावी ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी आहे त्या गावाला चमत्कार ऐकायला गोड वाटावेत यात नवल नाही. पण श्रद्धेची गोष्ट वेगळी आणि मण्यारीचे विष वेगळे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जो वाचतो तो पारावर बसून सांगतो. जो मेला त्याचा अनुभव कोण सांगणार? त्याची बायको मागे बसलेली असते आणि तिला कोणी विचारीत नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. हा आकडा केवळ दवाखान्यांच्या नोंदवह्यांतून निघालेला नाही. घरोघर जाऊन, माणूस कसा गेला हे घरच्यांना विचारून तो काढलेला आहे. आमच्या काकूंसारख्यांना कोणीतरी विचारले, तेव्हा कुठे हे मरण मोजले गेले.

अनुभव मोजला म्हणजे काय होते याचे दुसरे उदाहरण महाडचे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात विंचूदंशाचे रोगी उशाशी बसून पाहिले, वाचलेले आणि गेलेले दोन्ही टिपून ठेवले, आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यावर लागू पडते हे दाखविले. तेथेही सुरुवात एकेका रोग्यापासूनच झाली होती, पण ते एकावर थांबले नाहीत.

म्हणून अनुभवी माणसाला विचारूच नये असे मी म्हणणार नाही. काकूंना विचारले नसते तर आज काका नसते. मात्र त्यांनी उपचार सांगितला नव्हता. काय होत जाते तेवढे सांगितले होते. पहिले लक्षण कोणते दिसले, किती वेळात दिसले, रात्री लस कोठे मिळाली, गाडी कोणाची मिळाली, हे रोग्याइतके दुसऱ्या कोणालाही माहीत नसते. ‘कशाने गुण आला’ हे मात्र त्यालाही बहुधा माहीत नसते, आणि नेमके तेच आपण त्याला आधी विचारतो.

काका आता स्वतःच अनुभवी माणूस झाले आहेत. कोणाकडे साप निघाला की त्यांना बोलावणे येते. ते लसीच्या किती बाटल्या लागल्या इथूनच सुरुवात करतात, आणि दर वेळी काकी त्यांना मध्येच तोडून म्हणतात, “आधी काकूंचं सांगा.”