हिंवाळ्यांत फुलणारें निवडुंग व रात्रीची लांबी

निवडुंग म्हटलें म्हणजे शेताच्या बांधावरचें काटेरी कुंपण डोळ्यांपुढें येतें. परंतु ‘ख्रिसमस कॅक्टस’ या नांवानें रोपवाटिकांतून जें चपट्या, लोंबत्या कांड्यांचें झाड विकत मिळतें, तें याच कुळांतलें असूनही स्वभावानें अगदीं निराळें आहे. पुष्कळ घरीं तें हिरवेंगार राहतें, वाढतें, पण फूल धरीत नाहीं. मग कोणी खत घालतो, कोणी पाणी वाढवितो, कोणी कुंडी भर उन्हांत नेऊन ठेवितो. या उपायांनीं बहुधा गुण येत नाहीं. कारण उणीव मातींत नसून रात्रींत असते. ही उणीव समजली असतां शेतांतील कांहीं पिकांचें वर्तनही उलगडतें, म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

या झाडाचें मूळस्थान दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील देश होय. रिओ द जानेरो शहराच्या उत्तरेस ऑर्गन पर्वताच्या रांगा आहेत. त्या परिसरांतील दमट रानांत हें झाड मोठ्या वृक्षांच्या खोडांवर व खडकांच्या फटींत, सांचलेल्या पालापाचोळ्यांत मुळें रोवून राहतें. आपल्या सह्याद्रींत आमरी जशी झाडावर बसते पण त्याचा रस शोषीत नाहीं, तशीच याची रीत. यावरून तीन गोष्टी ठरतात. यास कडक ऊन सोसत नाहीं, विरळ सावली पाहिजे. माती भुसभुशीत हवी. कुजलेला पाला, जाड वाळू व जुनें मुरलेलें शेणखत यांचें मिश्रण चांगलें. आणि ओलावा हवा, पण पाणी सांचतां कामा नये. सांचल्यास मुळें कुजतात.

आतां मुख्य मुद्दा. ब्राझीलमध्यें लोक या झाडास ‘मे महिन्याचें फूल’ म्हणतात, आणि विलायतेंत तेंच नाताळाच्या सुमारास फुलतें. एकाच झाडास दोन ऋतु कसे? विषुववृत्ताच्या दक्षिणेस मे-जून महिन्यांत रात्री लांबतात, उत्तरेस त्या नोव्हेंबर-डिसेंबरांत लांबतात. अर्थात् हें झाड महिना ओळखीत नाहीं; तें रात्र मोजतें.

वनस्पतींच्या या गुणाचा शास्त्रीय उलगडा अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील गार्नर व अ‍ॅलर्ड या दोघां संशोधकांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केला. तंबाखूची एक जात उन्हाळ्यांत नुसती उंच वाढे, फुलत नसे. तीस रोज कांहीं तास अंधाऱ्या खोलींत ठेवितांच ती फुलली. सोयाबीनची एक जात निरनिराळ्या तारखांस पेरूनही जवळजवळ एकाच वेळीं फुलावर येई. पुढें १९३८ सालीं हॅम्नर व बॉनर यांनीं दाखविलें कीं, अशा झाडांस दिवस लहान असण्यापेक्षां रात्र लांब व अखंड असणें महत्त्वाचें. मध्यरात्रीं थोडा वेळ उजेड पडला तरी त्यांचा हिशोब मोडतो.

आपलें नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें २१ अंशांवर, तर ऑर्गन पर्वत दक्षिणेस सुमारें २२ अंशांवर आहे. म्हणजे या झाडास स्वदेशीं जेवढी लांब रात्र मिळते, तेवढीच, सुमारें तेरा तासांची, आपल्याकडेही हिंवाळ्यांत मिळते. मग फूल कां येत नाहीं? उत्तर आपल्या ओटीवरच आहे. तेथील विजेचा दिवा रात्रीं दहा-अकरापर्यंत जळतो, दिवाळींत आकाशकंदील रात्रभर लावितात, आणि रस्त्यावरचा दिवा तर पहाटेपर्यंत मालवत नाहीं. माणसास तो उजेड सोयीचा. झाडास मात्र रात्र झालीच नाहीं असें वाटतें.

यावर उपाय सोपा आहे. कोजागिरीच्या सुमारास कुंडी अशा खोलींत ठेवावी कीं जेथें रात्रीं दिवा लागत नाहीं. तशी खोली नसेल तर सायंकाळीं सहापासून सकाळीं आठपर्यंत कुंडीवर लाकडी खोकें किंवा जाड काळें कापड घालावें, आणि दिवसा उजेडांत ठेवावी. हा क्रम सहा आठवडे एक दिवसही न चुकवितां पाळावा. या काळांत खत बंद ठेवावें व वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावें. रात्रींची हवा १५ ते २० अंश सेंटिग्रेड असावी. देशावर ती कार्तिकांत मिळूं लागते. कोंकणांत थंडी उशिरा पडते, म्हणून तेथें हा क्रम पंधरा-वीस दिवस पुढें न्यावा. कांड्यांच्या टोकांस कळ्या स्पष्ट दिसूं लागल्या म्हणजे झांकणें थांबवावें. त्यानंतर मात्र कुंडीची जागा बदलूं नये आणि माती अगदीं कोरडी पडूं देऊं नये. जागा, उष्णता व पाणी यांत एकाएकीं फरक पडल्यास कळ्या गळतात.

आम्ही तालुका कचेरींत उमर घालविली. तेथें तारखेवांचून नोंद ग्राह्य धरीत नसत. तोच नियम येथें चालवावा. एकाच मातीच्या दोन कुंड्या घ्याव्या, एक दिव्याजवळ व एक अंधारांत ठेवावी, आणि दोहोंस कळी केव्हां आली तें वहींत तारीखवार लिहावें. घरांतील मुलांसही हा चांगला पाठ होईल.

हाच नियम शेतांत लावून पहावा. शेवंतीही लांब रात्रीची वाट पाहते. म्हणूनच बारमाही फुलें काढणारे बागाईतदार तिची वाढ हवी तेव्हां रात्रीं दिवे लावितात आणि फूल हवें तेव्हां काळें कापड पसरतात. सोयाबीनच्या शेताकडेला रात्रभर दिवा जळत असेल, तर त्याखालचीं झाडें हिरवीं राहून उशिरा पक्व होतात; मग काढणीच्या वेळीं ओला व वाळलेला माल एकत्र येतो. तेथें बियाण्यास किंवा खतास दोष देण्यापूर्वीं दिवा पहावा. खळ्यावरील अगर विहिरीवरील दिव्यास पत्र्याची आड करून उजेड पिकाकडे जाणार नाहीं असें करावें, व काम संपतांच तो मालवावा. यास खर्च थोडा, आणि पीक एकसारखें येण्यास त्याची मदत मोठी.