सतरा पंचे पंच्याऐंशी

रूलेटवर २० नंबर आला आणि टेबलाभोवती गलका झाला. १७ आणि २० यांच्या मधल्या रेघेवर एका गेस्टच्या पाचशेवाल्या पाच चिप्स होत्या. दोन आकड्यांत विभागलेल्या अशा डावाला एका चिपमागे १७ मिळतात. नवख्या डीलरने एकाच आकड्याचा, म्हणजे ३५चा भाव लावून १७५ चिप्स मोजल्या आणि माझ्याकडे पाहिलं. सुपरवायझर मी होतो. मी मान हलवली.

सतरा पंचे पंच्याऐंशी मला शाळेपासून पाठ होतं. इथे सतराचाच पाढा लागतो, हे मात्र नक्की ठाऊक नव्हतं आणि कुणाला विचारायची लाज वाटली. तासाभरात सर्व्हेलन्सचा फोन आला. ९० चिप्स, म्हणजे ४५,००० रुपये जास्त गेले होते.

मी कुडाळचा. बी.कॉम. झाल्यावर कॅसिनो मॅनेजमेंटचा सहा महिन्यांचा कोर्स केला. फीसाठी बाबांनी कर्ज काढलं. ‘थेट सुपरवायझर’ असं संस्थेने सांगितलं होतं, आणि पणजीत तसं पदही मिळालं. टेबलामागे मात्र मी एक रात्रही उभा राहिलो नव्हतो. त्या चुकीनंतर मला ट्रेनी डीलर केलं. पगार उतरला, घरी सांगायला दोन महिने लागले.

मग शिकलो. चिप्सच्या थप्प्या बोटांनी सारख्या कापायच्या, १७ आणि ३५चे पाढे झोपेतही म्हणायचे, टेबल सोडताना दोन्ही तळवे कॅमेऱ्याला उघडे दाखवायचे. पहाटे जहाजावरच्या कॅसिनोतून बोटीने मांडवीच्या काठावर उतरताना पाय भरून आलेले असायचे. पुढे इन्स्पेक्टर झालो, मग पिट बॉस, म्हणजे अनेक टेबलांचा प्रमुख.

या धंद्यात येणाऱ्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे. पदासाठी पैसे भरू नका. कोर्स करायचाच तर आधीची मुलं आज कुठे, कशावर आहेत, ते त्यांनाच भेटून विचारा. पहिली दोन वर्षं टेबलावर काढा, मग केजचा, म्हणजे चिप्स-रोखीच्या खिडकीचा हिशेब आणि सर्व्हेलन्स शिका. मनी लाँडरिंगविरोधी कायदा २००९च्या दुरुस्तीपासून कॅसिनोंनाही लागू आहे. गेस्टची ओळख आणि रोखीच्या नोंदी ज्याला नीट ठेवता येतात, त्याची गरज कायम असते.

हा धंदा सरकारी निर्णयांवर तरतो, हेही लक्षात ठेवा. २०२०च्या मार्चमध्ये कोरोनाने गोव्यातले कॅसिनो बंद झाले, ते नोव्हेंबरमध्ये उघडले. जीएसटी २८ टक्के होता, २०२५च्या सप्टेंबरात ४० झाला. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा आणि हॉटेलकामही शिकून घ्या. परदेशी कॅसिनोत नोकरी देतो म्हणून कुणी टुरिस्ट व्हिसावर लाओस-कंबोडियाला पाठवत असेल, तर जाऊ नका. तिकडे नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेली आपली मुलं सोडवून आणावी लागली आहेत. आणि स्वतः कधीही, कुठेही खेळू नका.

आता माझ्या हाताखाली नवा सुपरवायझर आला की मी त्याला आधी रिकाम्या टेबलाशी नेतो, रेघेवर पाच चिप्स ठेवतो आणि विचारतो, “किती द्यायचे?” येत नसेल तर तसं सांगायला लावतो. “माहीत नाही, विचारतो” हे वाक्य त्या रात्री माझ्या तोंडून निघायला हवं होतं.