माळावरील डोंगर आणि त्यांचा पाषाण

जयसिंगपूरहून हातकणंगलेच्या दिशेने निघालेल्या यात्रेकरूस कृष्णाकाठची सपाट काळी जमीन मागे पडताच डोंगर दिसू लागतात. आळत्याचे रामलिंग, कुंभोजचा बाहुबली, कोल्हापूरपलीकडे वाडी रत्नागिरीचा श्री जोतिबा, अशी आपली कितीतरी तीर्थस्थाने डोंगरांवर वसलेली आहेत. हे डोंगर भूमीतून वर उचलले गेले, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक भोवतालची भूमी झिजून गेली आणि डोंगर तेवढे मागे उरले.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला व थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले. त्यांतील काही थर घट्ट कातळाचे, काही सच्छिद्र व ठिसूळ. नद्या-ओढ्यांनी ठिसूळ भाग वाहून नेला. ज्यांच्या माथी घट्ट कातळ होता ते उंचवटे टिकले. कातळाखालचा मऊ थर झिजून कपारी झाल्या. भेगांतून मुरलेले पाणी खालच्या अभेद्य थरावर अडते व झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. डोंगरावर देवस्थानाशेजारी गुहा वा पाण्याचे कुंड का आढळते, याचा उलगडा यातून होतो. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचे कोरीव खांबही याच काळ्या पाषाणाचे होत.

आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या गवताळ प्रदेशातही असे खडक उभे आहेत, मात्र ते ग्रॅनाइटचे व गोलसर. त्या प्रदेशास सॅव्हाना म्हणतात. आपले माळरान हे त्याचेच रूप. चैत्रात शिखर शिंगणापूरला जाणाऱ्या भाविकांनी ते माण तालुक्यात पाहिले असेल : कुसळी गवत, मधूनच हिवर, खैर, बोर आणि नवरात्रात देवीस वाहिला जाणारा पिवळा तरवड. असा माळ म्हणजे तुटलेल्या अरण्याचे अवशेष, ही समजूत रूढ आहे. आशिष नेर्लेकर, दिग्विजय पाटील प्रभृती अभ्यासकांनी १३व्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातील व लोककथांतील वनस्पतींचे उल्लेख तपासून २०२५ मध्ये निष्कर्ष मांडला, की पश्चिम महाराष्ट्रातील माळ शतकानुशतके माळच आहे.

हे सविस्तर लिहिण्यास कारण आहे. डोंगर उजाड दिसतो म्हणून अनेक देणगीदार वृक्षदानाची इच्छा व्यक्त करतात. भावना स्तुत्यच, परंतु राज्यात काही टेकड्यांवर परदेशी गिरिपुष्पाची दाट लागवड झाली आणि सावलीखालचे गवत विरळ झाले. गवतावर मेंढरे जगतात, चिंकारा व लांडगाही माळाच्याच आश्रयाने राहतात. वड, पिंपळ, कडुनिंब पायथ्याच्या वाटेवर व धर्मशाळेच्या आवारात अवश्य लावावेत. उतारावरचे गवत तसेच राहू द्यावे आणि उन्हाळ्यात तेथे विडीचे थोटूक टाकू नये.