जीवाणूंची गाळण आणि दाब

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले असून त्याच्या जवळून एकही मोठी नदी वाहत नाही. १९७४ पासून तेथे कावेरीचे पाणी आणले जाते. हे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून येते व वाटेत ते जवळजवळ पाचशे मीटर वर चढवावे लागते. इतक्या सायासाने आणलेले पाणी एकदा वापरून सोडून देणे परवडणारे नाही. म्हणून कबन पार्कसारख्या उद्यानात आणि अनेक मोठ्या निवासी संकुलांत सांडपाणी शुद्ध करून ते बागांना व इतर कामांना पुन्हा वापरतात.

सांडपाण्यातील घाण जीवाणूंकडून खाववून घेण्याची, म्हणजे सक्रिय गाळाची, रीत १९१४ मध्ये मँचेस्टर येथे सिद्ध झाली. त्या संशोधनामागील एक प्रमुख रसायनज्ञ गिल्बर्ट फाउलर हे १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले, त्यामुळे या शहराचा त्या विद्येशी संबंध जुना आहे. पूर्वी जीवाणू टाकीच्या तळाशी बसू देऊन वरचे पाणी काढून घेत. १९८९ मध्ये टोकियो येथे यामामोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवाणूंच्या टाकीतच सूक्ष्म छिद्रांचे पटल बुडवून त्यातून पाणी ओढून घेण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. जीवाणू साधारण एक-दोन मायक्रॉन लांबीचा, म्हणजे मिलिमीटराच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याच्या दुप्पट असतो. पटलाची छिद्रे त्याहूनही बारीक असल्याने पाणी पलीकडे जाते व जीवाणू अलीकडे राहतात.

आता पाणी अधिक हवे असेल तर अधिक जोराने ओढावे, असे कोणासही वाटेल. शुद्ध पाण्यापुरते ते खरेही आहे. दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये दाखवून दिले की, वाळूच्या थरातून झिरपणारे पाणी दाबाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट केला की पाणीही दुप्पट. परंतु वाळूचा कण कठीण असतो, जीवाणू मऊ असतो. त्याच्या अंगात बहुतांशी पाणीच असते आणि भोवती चिकट बुळबुळीत द्रव्याचे आवरण असते.

श्रीखंडासाठी दही पंचात बांधून टांगणाऱ्या गृहिणीस यातील मर्म ठाऊक असते. प्रथम पाणी भराभर गळते, पुढे थेंब मंदावतात. कापडालगत दह्याचा दाट थर बसलेला असतो. पटलावरही जीवाणूंचा असाच थर साचतो. दाब वाढविला की जीवाणू चेपतात, आडवे होऊन एकमेकांस बिलगतात आणि मधल्या वाटा अरुंद होतात. अरुंद वाट किती महाग पडते पाहा: बारीक नळीचा व्यास निम्मा झाला, तर त्याच दाबाने तिच्यातून पूर्वीच्या सोळाव्या हिश्शाइतकेच पाणी जाते.

समजा, थराचा रोध दाबाच्या ०.८ या घातांकाने वाढतो. मग दाब दुप्पट केल्यावर पाणी केवळ पंधरा टक्क्यांनी वाढेल. दहापट केल्यावरही दीडपटीहून थोडेसेच अधिक मिळेल. घातांक १ झाला, तर वाढविलेला सर्व दाब थर चेपण्यातच खर्ची पडेल. शिवाय चेपलेला थर दाब कमी केल्यावर पूर्ववत् सैल होईलच असे नाही.

१९९५ मध्ये इंग्लंडमध्ये फील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अनुभवास नेमके रूप दिले. पटलाच्या दर चौरस मीटरातून घेतलेला प्रवाह एका मर्यादेच्या आत ठेवला, तर थर फारसा साचत नाही. ती ओलांडली की रोध झपाट्याने चढतो. म्हणून अशा केंद्रांत बहुधा प्रवाह ठरवून देतात आणि ओढीच्या दाबावर नजर ठेवतात. ही ओढ सामान्यतः वातावरणीय दाबाच्या एक ते तीन दशांशांइतकीच असते. तळातून हवेचे बुडबुडे सोडून पटल खरवडले जाते, काही मिनिटांच्या गाळणीनंतर पंप क्षणभर थांबवितात किंवा पाणी उलट सोडतात. त्यानेही दाब उतरेना, तर पटल क्लोरीनयुक्त द्रावणाने धुतात. पंप मोठा बसविणे हा त्यावरील उपाय नव्हे. त्याने विजेचा खर्च मात्र खात्रीने वाढतो.

शुद्ध झालेले पाणी तपासतानाही पटलच उपयोगी पडते. शंभर मिलिलिटर पाणी ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या चकतीतून निर्वात पंपाने ओढतात व चकतीवर वाढणाऱ्या जीवाणूंच्या वसाहती मोजतात. येथे जीवाणू इतके थोडे असतात की थर बसतच नाही. म्हणून पूर्ण ओढ लावली तरी चालते. अर्थात बंगळूरच्या उंचीवर ही पूर्ण ओढ मुंबईतील ओढीच्या सुमारे नऊ दशांशच भरते, कारण तेथील हवेचा दाबच तेवढा असतो.