श्रवण : कानातून घडणारा माणूस

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

नवविधा भक्तीत पहिली पायरी श्रवणाची. कीर्तन, स्मरण त्यानंतर. समर्थांनीही दासबोधात नवविधा भक्तीचे निरूपण श्रवणापासूनच सुरू केले आहे. असे का? जे कानावर पडते ते मनात रुजते, मनातले तोंडी येते आणि तोंडी बसलेले हळूहळू स्वभाव होऊन जाते.

गुरुचरित्र हा ग्रंथच मुळी ऐकण्याचा आहे. सिद्धमुनी सांगतात, नामधारक ऐकतो. नामधारक आला तो दुःखाने, संशयाने कष्टी होऊन. पण तो नुसता मान डोलवीत बसत नाही. अडले की विचारतो, ऐकले की आणखी मागतो. ऐकता ऐकता संशयाच्या जागी प्रेम येते. खरा श्रोता असा असतो.

अवधूतांनी यदुराजाला 24 गुरू सांगितले. त्यातले तीन तर खास कानाचे. हरीण पारध्याच्या गोड गाण्याला भुलते आणि प्राणाला मुकते. म्हणजे गोड लागते ते सगळेच ऐकायचे नसते. घरी पाहुणे आलेले असताना कुमारी भात कांडते. बांगड्या वाजू लागतात, म्हणून हातात एकेकच ठेवते. म्हणजे ऐकायचे तर आधी गलका कमी करावा लागतो. बाण घडवणारा कामात असा गढलेला, की शेजारून वाजतगाजत गेलेली राजाची स्वारी त्याला कळतही नाही. ही एकाग्रता.

आता आपलंच पाहा. समोर टीव्ही, हातात मोबाईल, कोणी काहीही पाठवतो आणि आपण दिवसभर ऐकत राहतो. मग संध्याकाळी चिडचिड होते ती कुठून आली, ते कळत नाही. हरणाची गत ती हीच.

आपल्या वऱ्हाडातले संत गुलाबराव महाराज (1881–1915) माधानचे. तान्हेपणीच दृष्टी गेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घ्यायचे आणि ऐकायचे, हाच त्यांचा अभ्यास. अवघ्या 34 वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात.

दत्तजयंतीच्या सप्ताहात पारायण करताना पोथी संपवायची घाई नको. एकाने सावकाश, मोठ्याने वाचावे, घरच्यांनी ऐकावे. आपला आवाज आपल्याही कानी पडला पाहिजे. अध्याय झाल्यावर पाच मिनिटे स्वस्थ बसावे. वाचलेले मुरायला तेवढा वेळ लागतोच.

आणि एक. देवाचे ऐकायला शिकलेला कान माणसाचेही ऐकतो. मी बँकेत नोकरी केली. पीककर्जासाठी आलेला शेतकरी अर्जाबद्दल दोन वाक्ये बोलायचा, बाकी बोलणे घरचे, पावसाचे, पोरीच्या लग्नाचे. त्याला आधी कोणीतरी ऐकायला हवे असायचे. आपल्या जिल्ह्यात कापूस पिकवणाऱ्या कितीतरी घरांनी कर्ता माणूस गमावला आहे. म्हणून आरतीनंतर मंदिराच्या पायरीवर कोणी गप्प बसलेला दिसला, तर प्रसाद देऊन पुढे जाऊ नका. शेजारी बसा. "काय म्हणता भाऊ?" एवढे विचारा आणि मधे न बोलता ऐका. उपदेश नंतर. घरातही सुनेचे, नातवाचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे. आपण म्हातारी माणसं फार लवकर उत्तर देतो.

या सप्ताहात एवढे साधले, तरी श्रवणभक्तीला सुरुवात झाली म्हणायची.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!