मुखवट्याआडचा माणूस

नटाचे मुख्य साधन म्हणजे त्याचा चेहरा. भुवईची किंचित हालचाल, ओठांवरील स्मित, कपाळावरील आठी यांच्या साहाय्याने तो मनातील भाव प्रेक्षकांपर्यंत पोहोचवितो. मग हाच चेहरा पार झाकून टाकला, तर त्याने अभिनय करावा तरी कसा? जॉन हर्ट या इंग्रज नटापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता.

इंग्लंडमधील लेस्टर येथे १८६२ साली जोसेफ मेरिक जन्मला. एका विलक्षण व्याधीमुळे त्याचे मस्तक व उजवा हात बेढब वाढले. पोटासाठी त्या बिचाऱ्याला स्वतःच्या देहाचेच प्रदर्शन मांडावे लागले. लोक त्याला 'हत्तीमानव' म्हणून पाहावयास येत. पुढे लंडनमधील एका रुग्णालयात त्याला आश्रय मिळाला आणि फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या शल्यविशारदाचा स्नेह लाभला. तेथेच १८९० साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच्या देहाचे साचे मात्र रुग्णालयाने जपून ठेवले.

डेव्हिड लिंच यांनी १९८० साली 'द एलिफंट मॅन' या चित्रपटात ही करुण कथा सांगितली. मेरिकची भूमिका हर्ट यांनी केली. रंगभूषाकार ख्रिस्तोफर टकर यांनी ते जुने साचे पाहून मऊ, लवचीक असे अनेक तुकडे घडविले. ते नटाच्या मस्तकावर एकेक करून चिकटवावयाचे, सांधे बेमालूम मिटवावयाचे आणि मग रंग द्यावयाचा, असा तो क्रम असे. या कामी सात-आठ तास लागत. उतरविण्यास आणखी दोन तास! मुखवटा चढल्यावर धड जेवताही येत नसे. म्हणून हर्ट यांचे चित्रण एक दिवसाआड होई.

चेहरा असा झाकला गेल्यावर नटाजवळ उरले काय? डोळे, आवाज आणि चाल. एवढ्याच सामग्रीवर हर्ट यांनी मेरिकची भीती, सौजन्य व प्रेमाची भूक व्यक्त केली. रेल्वेस्थानकावर जमाव मेरिकला घेरतो आणि तो आपल्या माणूसपणाची ग्वाही देतो, त्या प्रसंगी पाहणाऱ्याला त्याच्या कुरूपतेचा विसर पडतो.

त्या काळी ऑस्कर पारितोषिकांत रंगभूषेसाठी कायमचा विभाग नव्हता. टकर यांच्या कामाचा गौरव झाला नाही, याबद्दल अनेकांनी नाराजी प्रकट केली आणि पुढील वर्षापासून असा विभाग सुरू झाला.

मुलांनो, हर्ट यांना तो मुखवटा रात्री उतरविता येई. मेरिकला तो जन्मभर वागवावा लागला. कोणाचे व्यंग पाहून हसू आले, तर त्याच्या डोळ्यांकडे क्षणभर पाहा. आतला माणूस तुम्हांस तेथे भेटेल.

स्वाध्याय
१. हर्ट यांचे चित्रण एक दिवसाआड का होत असे?
२. चेहरा झाकलेला असताना हर्ट यांनी भाव कसे व्यक्त केले?
३. 'मुखवट्याआडचा माणूस' हे शीर्षक कोणाकोणाला लागू पडते? सकारण लिहा.