अर्जलेखन : नदी आणि माशांच्या नोकरीसाठी



सातवी-आठवीला अर्जलेखन शिकवताना आपण त्याच त्या पदांवर फिरत असतो. लिपिक, विक्रेता, फार तर ग्रंथपाल. मुलं नमुना पाठ करतात, नाव-पत्ता बदलतात, झाला अर्ज. यावेळी एक वेगळं पद घेऊन बघा : नदी पुनरुज्जीवन आणि मत्स्यसंवर्धन प्रकल्पाचा व्यवस्थापक.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "गुरुजी, अशी नोकरी असते का?" असते. पाण्यावर काम करणाऱ्या संस्था अशी माणसं घेतात, परदेशात तर हे चांगलं रुळलेलं काम आहे. आपल्याकडेही 2 ऑक्टोबर 2022 ला सेवाग्रामहून 'चला जाणूया नदीला' हे अभियान 75 नद्या घेऊन सुरू झालं, तेव्हापासून नदीचा अभ्यास हा शब्द सरकारी कागदावर आला आहे. अशा पदाच्या जाहिरातीत मासे थोडे आणि माणसं जास्त असतात. नदीच्या एका पट्ट्याची पाहणी करायची, आराखडा आणि खर्चाचा अंदाज काढायचा, परवानग्या मिळवायच्या, कंत्राटदाराकडून वेळेत काम करून घ्यायचं, काठावरच्या शेतकऱ्यांशी आणि मासेमारांशी बोलायचं, शेवटी अहवाल लिहायचा. गणित, भूगोल, विज्ञान आणि भाषा, चारही विषय एकाच खुर्चीवर बसलेले.

आता हे आपल्या गावाशी जोडून घेऊ. दोंडाईचा म्हटलं की लोकांना मिरची आठवते, पण गावाला अमरावती नदी आहे आणि शहाद्याच्या रस्त्याने निघालं की सारंगखेड्याला तापी लागते. (तिथल्या घोडेबाजाराला आपण दरवर्षी जातो, पुलावरून खाली किती जण बघतात?) मुलताईजवळ उगम, सुरतेजवळ समुद्र, लांबी 724 किलोमीटर, एवढं पुस्तकात मिळतं. पुढचं मुलांना विचारावं लागतं. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे एकामागोमाग एक बॅरेज झाले, त्याने माशांचं काय झालं?

इथे घाईने उत्तर देऊ नका. बॅरेजमुळे उन्हाळ्यातही पाणी दिसतं, शेतीला मिळतं, त्या पाण्यात मासेमारीही होते. पण वाहती नदी आणि साठलेलं पाणी ही माशांसाठी दोन वेगळी घरं आहेत. काही माशांना अंडी घालायला वाहतं पाणी, वाळू-खडी आणि पहिल्या पुराचा इशारा लागतो. वाळू उपसली की जागा गेली, मध्ये भिंत आली की वाट गेली. खाली गुजरातेत काकरापारचा बंधारा आणि 1972 मध्ये झालेलं उकाई धरण आहे, त्यामुळे समुद्राकडून वर येणाऱ्या माशाला आपली तापी केव्हाच बंद झाली. त्यात चिलापी, विदेशी मांगूर असे बाहेरून आलेले मासे. विदेशी मांगूर पाळायला 2000 सालापासून देशात बंदी आहे, तरी अधूनमधून त्याचे साठे पकडल्याच्या बातम्या येतात.

मग व्यवस्थापक करतो काय? आपल्या राज्यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण नदीचं नाही, तलावाचं आहे; काम मात्र हेच. भंडारा-गोंदिया भागात काही शतकांपूर्वी बांधलेले मालगुजारी तलाव आहेत. त्यांत बेशरम माजली, पाण्याखालच्या वनस्पती गेल्या आणि त्यांच्या आधाराने अंडी घालणारे स्थानिक मासेही कमी झाले. मनीष राजनकर यांनी ढीवर समाजातल्या मासेमारांना विचारून कोणता मासा कोणत्या वनस्पतीपाशी राहतो याची माहिती गोळा केली. पतिराम तुमसरे यांच्यासारखे अनुभवी मासेमार सोबत होते. बेशरम काढली, उन्हाळ्यात तळ नांगरला, पाऊस पडल्यावर स्थानिक पाणवनस्पती लावल्या. पुढे शालू कोल्हे यांच्यासारख्या ढीवर समाजातल्या महिला गट करून या कामात उतरल्या. मासे परतले ते बाहेरचं बीज सोडून नाही, घर दुरुस्त करून. आणि घर कसं होतं हे मासेमारांनाच माहीत होतं.

अमेरिकेतली एल्व्हा नदी याहून फार मोठं काम. 2011 ते 2014 मध्ये तिच्यावरची दोन जुनी धरणं पाडली आणि सामन मासा पुन्हा वरच्या अंगाला जाऊ लागला. त्यासाठी तिथल्या क्लालम आदिवासींनी कित्येक दशकं पाठपुरावा केला होता, आणि नदी सावरण्याच्या कामात त्या जमातीचे स्वतःचे कर्मचारी आहेत. वर्गात हे सांगून थांबा आणि विचारा, आपल्याकडे अशी जागा निघाली तर ती कोणाला मिळेल?

माझ्या मते पाठाचा गाभा इथे आहे. आपल्या वर्गात भोई आणि भिल्ल घरांतली मुलं असतात. 'नदीले पूर ऊना' म्हटल्यावर कोणत्या जाळ्याला काय लागेल हे त्यांना कळतं. पण फॉर्मवर पालकाचा व्यवसाय लिहायची वेळ आली की घरी मासेमारी असूनही 'मजुरी' लिहिणारी मुलं आपण पाहिली आहेत. नदीची माहिती एकीकडे, कागद दुसरीकडे. अर्जलेखनाचा तास या दोघांची गाठ घालू शकतो.

आपला नेहमीचा नमुना त्याला उपयोगी नाही. 'मी होतकरू, प्रामाणिक व कष्टाळू आहे. माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' हे वाक्य कोणीही कोणत्याही पदासाठी लिहू शकतो, म्हणून वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. आणि सहानुभूती कशाला मागायची? नोकरी म्हणजे मदत नव्हे. त्याऐवजी मुलांना असं लिहून दाखवा :

'मी तापीकाठच्या गावात वाढलो. आठवीत असताना आम्ही सहा जणांनी दोन पावसाळे नदीची नोंदवही ठेवली. जाळ्यात आलेल्या माशांची गावातली नावं, तारीख आणि पाण्याचा रंग त्यात आहे. नोंदीसाठी अकरा मासेमारांशी बोललो. वही मुलाखतीला सोबत आणेन.'

यात स्वतःची स्तुती करणारं एकही विशेषण नाही, तरी मुलगा कष्टाळू आहे हे दिसतं. दोन्ही उतारे फळ्यावर शेजारी लिहा आणि विचारा, तुम्ही साहेब असता तर कोणाला बोलावलं असतं? मग प्रत्येकाने स्वतःबद्दल फक्त अशी तीन वाक्यं लिहायची, ज्यांत आकडा, जागा किंवा केलेलं काम असेल. मुलं अडतात. अडू द्या. 'मी काहीच केलेलं नाही' म्हणणारी मुलगी रोज जनावरं नदीवर नेते, हे शेजारचीच सांगते.

शिक्षणाचं पालकांना नीट सांगा. बारावी विज्ञान, त्यात जीवशास्त्र हवं. पुढे मत्स्यविज्ञानाची 4 वर्षांची पदवी; तिची महाविद्यालयं नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीला आहेत. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत वर्सोव्याला 1961 साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. स्थापत्य किंवा पर्यावरणशास्त्राकडूनही या कामात जाता येतं. पण सातवीतल्या पोराला पदवीचं नाव सांगून काही हलत नाही, वही हातात दिली की हलतं.

वही साधी ठेवा. तारीख, ठिकाण, पाणी वाहतं की साठलेलं, रंग, जाळ्यात काय आलं, कोणी सांगितलं. माशाचं नाव अहिराणीत सांगितलं तर अहिराणीतच लिहायचं, शास्त्रीय नाव नंतर शोधता येतं. मुलांनी पाण्यात उतरायचं नाही, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. नोंदी काठावर आणि मासळी बाजारात बसून होतात. आजोबा-मामांना विचारायचा एक प्रश्न शेवटच्या रकान्यात : तुमच्या लहानपणी दिसायचा आणि आता दिसत नाही, असा मासा कोणता?

पाठ जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, शाळा सुरू झाल्या झाल्या घेतला तर पहिल्या पुराची नोंद हाती लागते. दोन तासिका पुरतात, तिसरी अर्ज वाचून दाखवायला ठेवा.